अकरा वगळलेल्या नळ्या

होळी, वसई
१४ जानेवारी २०२४

चि. पूर्वी,

नाताळचं तुझं कार्ड पोचलं, नवीन वर्ष लागून आठवडा झाल्यावर. वर छापील चार ओळी आणि खाली तुझी सही. अठ्ठावीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं ते काय सह्या बघायला? पत्र लिही. फोन नको. फोनवर तुम्ही सगळ्या मुली "सगळं मस्त, टीचर" म्हणता, मी "बरं बाई" म्हणते, की संपलं. कागदावर इतक्या सफाईने खोटं बोलता येत नाही, निदान वेळ तरी लागतो.

काल बाजारात तुझे वडील भाजी घेऊन बसलेले भेटले. रमेशभाऊंकडे अळू छान होतं. पूर्वीचं काय चाललंय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "बेंगळुरूला नळ्यांचं काम करते." शेजारी लाल माठ निवडत होती ती बाई लगेच म्हणाली, "आमच्या बोळिंजच्या बिल्डिंगमध्ये पाणीच चढत नाही वर. सुट्टीत आली की बघेल का?" रमेशभाऊ शांतपणे म्हणाले, "विचारून सांगतो." आमची फ्लॉसी घरी येईपर्यंत हसत होती. बहीण म्हणून सांगत नाही, पण तिला हसायला एवढंसं कारण पुरतं.

तर कुठल्या नळ्या, त्यांचं तू काय करतेस आणि पीएचडी कधी संपते, हे सगळं नीट लिही. मी रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी मला कळेल असं लिहायला हरकत नाही. अवघड शब्द आले तर येऊ देत, फक्त त्यांच्या आड लपू नकोस.

देव तुझं भलं करो.
तुझी मटिल्डा टीचर

*

बेंगळुरू
२८ जानेवारी २०२४

टीचर, नमस्कार.

बोळिंजच्या बाईंना सांगा, माझ्या नळीतून त्यांच्या बिल्डिंगला पाणी चढायला युगं लागतील. केसाच्या जाडीचे पन्नास हजार भाग केले तर त्यातला एक, एवढी ती नळी. निव्वळ कार्बनची.

माझं काम असं. धातूच्या दोन पट्ट्या, मध्ये पोकळी, आणि त्या पोकळीवर पुलासारखी टांगलेली एक नळी. आजूबाजूची हवा काढून टाकलेली. नळीतून वीज सोडली की ती तापते, इस्त्रीतली तार तापते तशीच. आता त्या उष्णतेला बाहेर पडायला दोनच वाटा, हे टोक नाहीतर ते टोक. वीज किती दिली ते मला माहीत असतं. नळी किती तापली ते तिच्यावर लेझर टाकून, परत येणाऱ्या प्रकाशाच्या रंगावरून कळतं. दोन्हींवरून काढायचं, की हिच्यातून उष्णता किती सहज वाहते. तांब्याचा हा आकडा चारशेच्या आतच राहतो. या नळ्यांचा तीन हजारांच्या आसपास असावा असं लोक म्हणतात. तसं असेल तर उद्या मोबाईलमधल्या चिपा थंड ठेवायला त्या कामी येतील.

मी बारा नळ्या मोजल्या. सरासरी आली २६४०. आमचे गाईड दिवाकर सर फार खूश आहेत. मार्चमध्ये परिषद आहे, तिथे मी हे सांगणार. फेलोशिप ३१ जुलैला संपते, त्याच्या आत प्रबंध द्यायचा. मेच्या शेवटी त्याचा आराखडा कमिटीपुढे ठेवायचा आहे.

सगळं मस्त, टीचर. (हे कागदावर लिहिलंय, बघा.)

तुमची
पूर्वी

*

होळी, वसई
११ फेब्रुवारी २०२४

चि. पूर्वी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि एकदा फ्लॉसीला वाचून दाखवलं. पुलापर्यंत तिला समजलं, पुढे ती म्हणाली, "एवढ्या बारीक वस्तूला डॉक्टरेट?" ती जन्मभर पोस्टात होती, तिला वजनावर भाव ठरवायची सवय.

मला मात्र फार आनंद झाला. वाडीतली मुलगी, चिखलाचे पाय धुऊन लेक्चरला यायची, ती आज जगात कुणी धड मोजलेलं नाही ते मोजते. रविवारी चर्चबाहेर चारजणींना सांगितलं. आपला लॅबमधला कृष्णा आठवतो ना? आता चांदीपला असतो, भातशेती बघतो. तो भाचीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला होता, त्यालाही सांगितलं.

तुझी तयारी तेव्हाच दिसत होती. सेकंड इयरला तांब्याच्या दांड्याचा प्रयोग होता, एका टोकाला वाफ, दुसऱ्या टोकाला थंड पाणी. तुझं उत्तर आलं होतं ३७९. सगळ्या वर्गात पुस्तकाच्या सर्वांत जवळ. दहापैकी दहा दिले होते मी. विसरलेली नाही.

परिषदेला छान साडी नेस. आणि लगेच कळव.

तुझी मटिल्डा टीचर

*

होळी, वसई
२ एप्रिल २०२४

पूर्वी,

परिषद झाली, ईस्टर झालं, तुझं एक अक्षर नाही. फ्लॉसी म्हणते, पोरगी मोठी झाली, तिला वेळ नाही. मी म्हणते, पोरगी लपली आहे. दोघींपैकी कोण बरोबर ते कळव.

म. टीचर

*

बेंगळुरू
२१ एप्रिल २०२४

टीचर,

तुम्ही बरोबर.

परिषदेत माझं बोलणं छान झालं. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. अश्लेषा तिचं नाव, दुसऱ्या शहरातल्या लॅबमध्ये हेच काम करते. तिने एकच प्रश्न विचारला, "एकूण किती नळ्या मोजल्या?" मी म्हटलं, "बारा." ती "थँक यू" म्हणून खाली बसली.

तेवीस मोजल्या होत्या, टीचर. अकरांचे आकडे अकराशे, बाराशे, फार तर सोळाशे आले. एवढे कमी कसे येतील? नळी वाकडी असेल, वर कचरा बसला असेल, असं म्हणत मी एकेक बाजूला काढली. नाचता येईना अंगण वाकडं, तसं. कचरा दिसला का? एकीवरही नाही. सरांना मी फक्त चांगल्या नळ्यांचा तक्ता दाखवला. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आणि त्याच्याआधीच तुमचं फेब्रुवारीचं पत्र आलं होतं. ३७९.

ते उत्तर माझं नव्हतं. पहिल्यांदा मला २९१ आलं. तुम्ही लाल पेनाने 'पुन्हा करा' लिहिलंत. पुन्हा केलं, २८८. मी पायरीवर रडत बसले होते, तेव्हा कृष्णाकाकांनी एक जुनी वही आणून दिली आणि म्हणाले, यातून उतरव. मी उतरवलं. चोरी दिसू नये म्हणून दोन ठिकाणी दशांश बदलले, त्याचं ३७९ झालं. तुम्ही चर्चबाहेर चारजणींना सांगितलंत ती मुलगी ही अशी आहे.

मी सोडायचं ठरवलंय. फॉर्म भरून ठेवलाय, सही तेवढी बाकी आहे. बोळिंजला आर्याचे क्लासेस आहेत, माझ्या बॅचची आर्या. ती म्हणाली, जूनपासून बारावीचं फिजिक्स घे. आईबाबांना अजून काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका.

पूर्वी

*

होळी, वसई
२९ एप्रिल २०२४

चि. पूर्वी,

आधी त्या फॉर्मवर सही करू नकोस. पत्र पुरं वाचून झाल्यावर काय ते ठरव.

कृष्णाने तुला दिलेली वही माझी होती.

२०११ च्या पावसात लॅबमध्ये पाणी शिरलं आणि दांड्याभोवतीचं लोकरीचं वेष्टन कुजलं. नवीन मागवा म्हणून मी ऑफिसला तीन पत्रं लिहिली, मग थकले. वेष्टन नाही म्हटल्यावर उष्णता दांड्याच्या अंगातूनच हवेत जायची, पाण्यापर्यंत पुरी पोचायचीच नाही. सगळ्या मुलांना दोनशे नव्वदच्या आसपास उत्तर यायला लागलं. बाहेरचे परीक्षक आले की भुवया वर. मग एका रविवारी चर्चमधला मिसा आटोपून मी टेबलाशी बसले आणि उत्तरावरून उलटं गणित करत रीडिंगं तयार केली. आडात नव्हतं, मी पोहऱ्यात ओतलं. वही कृष्णाकडे दिली. ज्याचं जमत नाही त्याला दे म्हटलं. सहा वर्षं सगळा वर्ग त्या वहीतून पास झाला.

तुझं ३७९ बघताक्षणी मला कळलं होतं कुठून आलं ते. दशांश बदललेलेही कळले. दहापैकी दहा दिले ते तुझे नव्हतेच, माझेच मला दिले. आणि एवढं असून फेब्रुवारीत तुला परत तेच लिहिलं, कारण मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. झाकली मूठ इतकी वर्षं झाकून ठेवली की आत काय आहे ते आपणच विसरतो.

तुझं २९१ बरोबर होतं, पूर्वी. त्या दांड्याचं, त्या दिवशीचं, तेच खरं उत्तर. मे महिन्याच्या सुट्टीत मी एकटीने तो प्रयोग करून बघितला होता. मलाही २८८ आलं. तुझ्या वहीवर 'पुन्हा करा' लिहिण्याऐवजी मी एकच प्रश्न विचारायला हवा होता, की उरलेली उष्णता गेली कुठे? तू शोधून काढलं असतंस. एकोणीस वर्षांची होतीस, पण काढलं असतंस. आकडा पुस्तकाशी जुळला नाही की आकडा टाकायचा, हे तुला मी शिकवलं. मी चुकले. मला माफ कर.

आता माझं ऐक. त्या अकरा नळ्या बाहेर काढ. बाकीच्या बारांबरोबर एकाच कागदावर मांड. लांबी, वीज, तापमान, तारीख, जे जे लिहून ठेवलंयस ते सगळं. उत्तर काय आलं ते बघू नकोस. उष्णता कुठे गेली ते बघ. मला उत्तर ठाऊक नाही, मी तुझ्या नळ्या बघितलेल्या नाहीत.

बोळिंजचे क्लासेस कुठे पळून जात नाहीत.

तुझी
मटिल्डा

*

बेंगळुरू
२० मे २०२४

टीचर,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस राग आला होता. तिसऱ्या दिवशी जेवले. चौथ्या दिवशी कागद घेऊन बसले.

वगळलेल्या अकराही नळ्या आखूड निघाल्या. एक मायक्रॉन, दोन मायक्रॉन. 'चांगल्या' सगळ्या लांब. हे मला इतके महिने दिसलं नाही, कारण मी त्या एकत्र ठेवल्याच नव्हत्या. मग मी आलेख काढला. आडवी लांबी, उभा उष्णतेला होणारा अडथळा. तेवीस ठिपके. सरळ रेषा आली, टीचर. पट्टी ठेवून ओढावी तशी. पण ती शून्यातून जात नाही, शून्याच्या वरून जाते.

म्हणजे नळी अगदी शून्य लांबीची केली तरी अडथळा उरतोच. तो नळीत नाहीच. तो टोकांना आहे, नळी धातूच्या पट्टीवर टेकते तिथे. मी गृहीत धरलं होतं की टोकं थंडच असतात. ती थंड नसतात. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणं आटोपली की सगळे चालत दारापर्यंत झटकन येतात आणि दारात चपला शोधत अडतात, तसं. हॉल मोठा असेल तर दारातला वेळ एवढा जाणवत नाही. खोली छोटी असेल तर सगळा वेळ दारातच जातो. आखूड नळ्यांचे आकडे म्हणून कमी. त्यांच्यात काहीच वाईट नव्हतं.

दारातला हिशेब वेगळा काढला तर नळीचा खरा आकडा येतो ३४००, सहाशे इकडे नाहीतर तिकडे. म्हणजे टाळ्या मिळालेला २६४० सुद्धा चुकीचाच होता.

दिवसभर मी एकटीच हसत होते. खानावळीत वाढणाऱ्या मावशींनी विचारलं, लग्न ठरलं का म्हणून.

मग संध्याकाळी बाकीचं आठवलं. २६४० परिषदेच्या पुस्तकात छापून आलाय, वर सरांचं नाव आहे. ३१ तारखेला कमिटी. सरांना सांगायचं म्हणजे सांगायचं, की मी अकरा नळ्या तुमच्यापासून लपवल्या. ते मला लॅबमधून काढू शकतात, आणि चूक माझीच असेल.

दुसराही एक रस्ता आहे. या अकरा नळ्या मी आत्ता, मे महिन्यात मोजल्या असं म्हणायचं. नवीन काम केलं, नवीन गोष्ट सापडली, जुना आकडा सुधारला. आलेख तोच. फक्त अकरा तारखा बदलायच्या. कुणाला कळणार नाही आणि कुणाचं वाईटही होणार नाही. डिग्री ठरल्या वेळी मिळेल. आई गेली पाच वर्षं त्या दिवसाची वाट बघतेय.

तुम्हाला काय वाटतं? खरं सांगा.

पूर्वी

*

होळी, वसई
२५ मे २०२४

चि. पूर्वी,

स्पीड पोस्टने पाठवते, फ्लॉसीच्या जुन्या ओळखीने आजच निघेल.

खरं विचारलंस म्हणून सांगते. गुरुवारी मी कॉलेजात गेले. कृष्णाला चांदीपहून बोलावून घेतलं, एकटीने जायचा धीर होत नव्हता. आता विभागप्रमुख आपला अनुज आहे, तुझ्याआधी काही वर्षं शिकून गेलेला. त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं, वेष्टन, वही, सगळं. मला वाटलं तो रागावेल, नाहीतर "जाऊ द्या मॅडम" म्हणेल. तो मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, ती वही अजून चालते. मीच देतो मुलांना."

मी सात वर्षांपूर्वी रिटायर झाले, पूर्वी. वही झाली नाही.

मी कृष्णाकडे बघितलं. तो म्हणाला, "बाई, पोरांना सगला म्हायती होता. तुमालाच वाटायचा कोनाला म्हायती नाय." मला तिथे रडू आलं. या वयात, विद्यार्थ्यासमोर. अनुजने पाणी आणून दिलं.

तारखा बदलल्यास तर मे महिन्यात काही होणार नाही. जूनमध्येही नाही. कुणाचं वाईट होत नाही असं मीही सहा वर्षं म्हणत होते. पण मग तुला कायम त्या तारखा सांभाळत बसावं लागेल, आणि कधी एखादी पोर तुझ्याकडे २९१ घेऊन आली, तर तिच्या डोळ्यांत बघताना तुला जड जाईल. मला गेलं.

सरांना सांग. काढलं लॅबमधून, तर इकडे माझ्या घरी ये. रमेशभाऊ आणि तुझ्या आईशी मी बोलेन. ते माझ्यावर ओरडतील, मी ऐकून घेईन, चूक निम्मी माझीच आहे. पण पोरी, सांगून ये.

तुझी मटिल्डा टीचर

*

बेंगळुरू
२३ जून २०२४

टीचर, नमस्कार.

उशीर झाला, पण या वेळी लपले नव्हते. श्वास घ्यायला वेळ नव्हता.

पत्र २९ तारखेला मिळालं. ३० ला सकाळी सरांच्या केबिनमध्ये गेले. चांगल्या नळ्यांची आणि वगळलेल्यांची, अशा दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, "सर, मी बारा नाही, तेवीस नळ्या मोजल्या होत्या." पुढचं पाठ करून गेले होते, ते सगळं विसरले. मग जसं सुचेल तसं सांगितलं.

सर ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वह्या ओढल्या आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. मी उभी. तासाभराने आलेखाशी आले. मग म्हणाले, "हा तू मला डिसेंबरमध्ये दाखवू शकली असतीस." मी हो म्हटलं. ते म्हणाले, "आणि मी डिसेंबरमध्ये विचारू शकलो असतो. सगळे आकडे इतके जुळले तेव्हाच विचारायला हवं होतं. मला ते आवडले, म्हणून नाही विचारलं."

त्याच दिवशी परिषदेला पत्र गेलं, की २६४० हा आकडा आम्ही मागे घेतो. खाली त्यांची सही आणि माझी. कमिटीने तोंड वाकडं केलं, एका मॅडमनी तर मला चांगलंच फैलावर घेतलं, पण डिसेंबरपर्यंत मुदत दिली. फेलोशिप जुलैनंतर नाही. सरांनी प्रोजेक्टमधून थोडं काही बघतो म्हटलंय, बाकी मी इथे बारावीच्या दोन मुलींना शिकवायला लागलेय. प्रबंधाचं नावही बदललं. आता तो नळीवर कमी आणि टोकांवर जास्त आहे. गेल्या आठवड्यात आईबाबांनाही फोन करून सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, डिसेंबर तर डिसेंबर. आई अजून बोलत नाही, पण तिने घरच्या केळ्यांची सुकेळी पाठवलीत, म्हणजे बोलेल.

सर म्हणाले, एका व्यक्तीला तू स्वतः फोन करून सांगायला हवं. मला माहीत होतं कुणाला. तीन दिवस टाळलं, मग अश्लेषाला फोन लावला. म्हटलं, तू परिषदेत विचारलं होतंस, मी खोटं बोलले, तेवीस होत्या, अकरा बाजूला काढल्या होत्या.

मग ती म्हणाली, "सगळ्या आखूड?"

टीचर, ती मला पकडायला उठली नव्हती. तिच्या ड्रॉवरमध्येही अशाच नऊ नळ्या पडून होत्या. तिला वाटत होतं, तिच्या एकटीच्याच हाताला काहीतरी दोष आहे. मी काय म्हणते त्याची ती वाट बघत होती. मी 'तेवीस' म्हटलं असतं तर ती तिथेच म्हणणार होती, माझ्याही आहेत. मी 'बारा' म्हटलं आणि ती खाली बसली. घरी जाऊन तिने लॅब सोडायचा अर्ज लिहिला. तोही सही न करता ठेवलाय.

मग आम्ही दोघी फोनवर हसत होतो की रडत होतो, कोण जाणे. काल तिने त्या नऊही नळ्यांचे आकडे पाठवले, तारखांसकट. आज दिवसभर बसून मी ते आमच्या आलेखावर चढवले. सात थेट आमच्या रेषेवर बसले. दोन बसत नाहीत. रेषेपासून बरेच लांब, एक वर आणि एक खाली. का ते आम्हाला दोघींनाही कळलेलं नाही.

ते दोन्ही आलेखावर आहेत.

तुमची
पूर्वी